अंदमानच्या पाठीमागे उघडणारा समुद्र

बंगालच्या उपसागराचा नकाशा पुढ्यात घेऊन ब्रह्मदेशातील इरावतीच्या मुखापासून दक्षिणेस सुमात्राच्या टोकापर्यंत बोट फिरविले, तर अंदमान आणि निकोबार यांची लहानमोठी बेटे पश्चिमेकडे किंचित फुगलेल्या एका वक्ररेषेवर अशा शिस्तीने बसलेली दिसतात की, ती कोणी हेतुपुरस्सर आखून घेतली असावीत असा भास व्हावा. या रेषेच्या पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर तिला जवळजवळ समांतर अशी दुसरी एक रेषा आहे. परंतु आपल्या हद्दीत तिची बॅरन आणि नारकोंडम ही दोनच ठिकाणे पाण्यावर डोके काढून उभी आहेत आणि बाकीचा सारा परिवार जलमग्न आहे. त्याच्याही पलीकडे, मलाया द्वीपकल्पापर्यंत, अंदमानचा समुद्र पसरला असून त्याचा मधला भाग तीन हजार मीटरांहून अधिक खोल आहे. आणि उलट दिशेला, बेटांच्या पश्चिमेस, जावापासून वर आलेला सागरी खंदक बंगालच्या उपसागरातील प्रचंड गाळाखाली अर्धाअधिक बुजून गेलेला आहे. खंदक, गाळाची बेटे, ज्वालामुखींची ओळ आणि तिच्या पाठीमागचा खोल समुद्र अशी ही चार अंगे मिळून जी रचना होते तिला द्वीपचाप म्हणतात, आणि शेवटच्या अंगाला पश्च-चाप द्रोणी. मराठी वाचकाला अंदमान ठाऊक आहे ते सेल्युलर जेलमुळे आणि सावरकरांमुळे; तेथील भूमीकडे भूमी म्हणून पाहण्याची सवड आपल्याकडे फारशी कोणी काढलेली नाही, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे, कारण ही चारही अंगे एकत्र पाहावयास मिळतील असे दुसरे स्थळ भारताच्या सरहद्दीत नाही.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केलेला बरा. द्वीपचाप म्हटले की ज्वालामुखी आलेच, तेव्हा पोर्ट ब्लेअरच्या (ज्याचे नाव 2024 साली श्री विजयपुरम् असे बदलण्यात आले) आसपासच्या टेकड्याही कधी काळी अग्नी ओकीत असल्या पाहिजेत, असे अनुमान पुष्कळजण काढतात. वस्तुतः उत्तर अंदमानातील 732 मीटर उंचीच्या सॅडल पीकपासून दक्षिणेच्या रटलँड बेटापर्यंत हिंडून खडकांची झडती घेतली, तर हाती लागतात ते वाळूचे आणि चिकणमातीचे एकावर एक रचलेले, पुढे दुमडलेले, कित्येकदा उलटेसुलटे झालेले थर. रेडिओलेरिया नामक सूक्ष्म सागरी जीवांच्या सिलिकामय सांगाड्यांचा बनलेला तांबडा चर्ट. समुद्राच्या बुडाशीच ओतला जाऊन गोळ्यागोळ्यांनी थिजलेला लाव्हा. आणि हिरवट, हाताला गुळगुळीत लागणारा सर्पेंटाइन, जो मूळचा भूकवचाच्याही खालच्या प्रावरणातला खडक. हा सगळा ऐवज खोल समुद्राचा आहे. भारतीय भूपट्टाचा, म्हणजे पृथ्वीच्या ताठ बाह्य कवचाच्या एका प्रचंड सरकत्या तुकड्याचा, महासागरी भाग पूर्वेकडील भूपट्टाच्या काठाखाली शिरत असता त्याच्या पाठीवरचा गाळ आत जाण्याऐवजी काठाशी खरवडला जातो, आणि त्या झटापटीत समुद्रतळाचे नि प्रावरणाचेही काही तुकडे वर ढकलले जातात. शेतात कुळव चालू असता फाशीपुढे माती, धसकटे आणि हराळीची मुळे गोळा होत जावीत, तसा हा ढीग कोट्यवधी वर्षे वाढत गेला, आणि त्याचा जो माथा पाण्याबाहेर आला त्यालाच आपण अंदमान म्हणतो.

या ढिगातील गाळ अद्याप पुरता दबून बसलेला नाही, याचा दाखला बारातांग बेटावर मिळतो. तेथे जंगलातल्या मोकळ्या जागी चिखलाचे बसके शंकू आहेत. त्यांच्या माथ्यावरील खळग्यात राखाडी रंगाचा थंड चिखल साचलेला असतो, त्यातून मधूनमधून वायूचा एखादा बुडबुडा सावकाश वर येऊन फुटतो, आणि चिखलाचा ओघळ कडेवरून खाली उतरून वाळतो नि भेगाळतो. प्रवासी त्यांना ज्वालामुखी समजून पाहावयास जातात आणि काहीसे हिरमुसून परततात. पण खोल दडपल्या गेलेल्या गाळातले पाणी आणि सेंद्रिय द्रव्य कुजून झालेला मिथेन वायू दाबाखाली वाट शोधीत वर येतात, हे ज्याला उमगले त्याला तो क्षुद्र बुडबुडादेखील भूपट्टांच्या रेट्याचा प्रत्यक्ष पुरावा वाटेल.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो हे माणसाला कळले ते मोठ्या आडवाटेने. फेलिक्स व्हेनिंग मेनेस हा डच शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणाचे मापन करणारा. त्याची लंबकयंत्रे जमिनीवर उत्तम चालत, पण जहाजावर लाटांच्या हेलकाव्यांमुळे निरुपयोगी ठरत. तेव्हा लाटांचा उपद्रव जेथे पोहोचत नाही अशा खोलीवर, म्हणजे पाणबुडीत, यंत्र मांडावे असे त्याने ठरविले, आणि 1923 पासून पुढे कित्येक वर्षे डच आरमाराच्या पाणबुड्यांतून, स्वतःचा असाधारण उंच देह त्या अडचणीच्या जागेत कसाबसा दुमडून घेऊन, त्याने सागर पालथे घातले. जावा-सुमात्राच्या बाजूने, खंदकाला धरून, गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरते असा एक लांबच लांब पट्टा त्याला आढळला. हा पट्टा आपोआप वर उचलला जावयास हवा होता. तो खाली आहे त्या अर्थी कोणती तरी शक्ती त्याला सतत खाली ओढून धरीत असली पाहिजे, हे उघड होते, पण ती शक्ती कोणती याचा उलगडा त्या वेळी झाला नाही.

दुसरा धागा जपानात सापडला. कियू वादाती याने 1928 साली शेकडो किलोमीटर खोलीवरही भूकंप होतात हे दाखविले, आणि 1935 साली हे खोल भूकंप वाटेल तेथे न होता खंदकापासून खंडाकडे तिरप्या उतरत गेलेल्या एका पातळीवर होतात असे मांडले. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यानेही 1949 च्या सुमारास टोंगा आणि दक्षिण अमेरिका येथील नोंदींवरून तेच प्रतिपादन केले. तरीही ही तिरपी पातळी म्हणजे नुसती भेग की एखादी अखंड वस्तू, हा वाद शिल्लक राहिला होता. तो मिटविला जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयसॅक्स यांनी 1967 साली, आणि त्यांची युक्ती मला तरी फार मोहक वाटते. त्यांनी टोंगा आणि फिजी अशा दोन्ही ठिकाणी भूकंपमापक यंत्रे बसविली. एकाच खोल भूकंपाच्या लहरी टोंगाला पोहोचत त्या ताज्या आणि तीक्ष्ण, फिजीला पोहोचत त्या मात्र मंदावलेल्या आणि झिजलेल्या. फिजीकडे जाणाऱ्या लहरींना तप्त, मऊ प्रावरणातून वाट काढावी लागत होती. टोंगाकडे येणाऱ्या लहरी थंड आणि ताठ अशा कशातून तरी वर चढत होत्या. तो ताठ पदार्थ म्हणजे खाली गेलेला समुद्रतळच, सुमारे 100 किलोमीटर जाडीचा. व्हेनिंग मेनेसच्या पट्ट्याला खाली धरून ठेवणारी शक्तीही हाच बुडत चाललेला, थंड म्हणून जड असलेला पट्ट होय.

आता ज्वालामुखीकडे वळू. थंड खडक खाली गेल्यावर वरच्या बाजूस वितळलेला शिलारस यावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते, आणि पूर्वी तिचे स्पष्टीकरण घर्षणाच्या उष्णतेने देत असत. खरे कारण पाणी हे आहे. समुद्राखाली कोट्यवधी वर्षे भिजत पडलेल्या तळाच्या खनिजांत पाणी रासायनिक बंधाने अडकलेले असते. पट्ट खोल जातो तसे दाबाने नि उष्णतेने ती खनिजे मोडतात, पाणी मोकळे होऊन वरच्या प्रावरणात शिरते, आणि ज्या तापमानाला कोरडा प्रावरण-खडक घनच राहिला असता त्याच तापमानाला तो ओला खडक अंशतः वितळू लागतो. बुडणाऱ्या पट्टाची पाठ सुमारे 100 किलोमीटर खोलीवर जेथे पोहोचते, साधारणपणे त्याच्याच वर ज्वालामुखींची ओळ उभी राहते. म्हणूनच ती खंदकापासून ठराविक अंतर राखून त्याला समांतर चालते. समुद्रतळावरचा गाळही थोडाफार आत जातो याचा पुरावा तर एखाद्या निष्णात फौजदाराने जमवावा तसा आहे. वातावरणात विश्वकिरणांच्या माऱ्याने बेरिलियमचा 10 भाराचा किरणोत्सर्गी प्रकार तयार होतो, पावसाबरोबर खाली येतो आणि सागरी गाळाच्या वरच्या थरांत साचतो. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे 14 लाख वर्षे, म्हणजे प्रावरणात मुळात तो असण्याची शक्यताच नाही. तोच 1980 नंतरच्या दशकात अल्यूशियन बेटे आणि मध्य अमेरिका येथील ज्वालामुखींच्या ताज्या लाव्ह्यात सापडला. पावसाने समुद्रात पोहोचविलेला माल खंदकातून खाली जाऊन काही दशलक्ष वर्षांत ज्वालामुखीच्या मुखातून परत आला, असा त्याचा अर्थ.

बॅरन बेट पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे 140 किलोमीटरांवर आहे. पाण्यावर दिसणारा त्याचा व्यास जेमतेम तीन किलोमीटर नि उंची साडेतीनशे मीटरांच्या आसपास. पण पर्वताचा पाया समुद्रात दोन हजार मीटरांहून अधिक खाली असल्याने, आपण पाहतो ते केवळ त्याचे शिखर. बाहेरून कड्यांचे एक मोठे कडे, त्याच्या पश्चिमेस समुद्राकडे उघडलेली खिंड, आणि मध्ये राखेचा काळाभोर शंकू अशी त्याची ठेवण. 1787 पासूनच्या उद्रेकाच्या नोंदी उपलब्ध आहेत. 1789 साली आर्चिबाल्ड ब्लेअर तेथून गेला तेव्हा तीन-चार टन वजनाचे धोंडे बाहेर फेकले जात असल्याची नोंद त्याने केली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या एफ. आर. मॅलेट याने 1885 साली या बेटाचे आणि नारकोंडमचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे बेट जवळजवळ निद्रिस्त होते, इतके की त्याला मृत ठरविण्याकडे काहींचा कल झाला होता. 1991 साली ते जागे झाले आणि तेव्हापासून राहून राहून धुमसत आहे. 2017 च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पथक अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधु संकल्प’ या नौकेवरून जवळच समुद्रतळाचे नमुने गोळा करीत असता बेटाने अकस्मात राख ओकण्यास सुरुवात केली. पाच-दहा मिनिटांचे एकेक आवर्तन, दिवसा नुसते राखेचे ढग, आणि सूर्य मावळल्यावर त्याच ढगांच्या मुळाशी लाल लाव्ह्याची कारंजी, असे ते दृश्य त्यांनी नोंदविले आहे. या बेटावर पूर्वी सोडलेल्या शेळ्यांची रानटी झालेली प्रजा टिकून आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

बॅरनचा लाव्हा बहुतांशी बेसाल्ट आहे, आणि बेसाल्ट म्हटल्यावर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. पण ही नावापुरती भाऊबंदकी समजावी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला त्याच्या मुळाशी कोणताही पट्ट बुडत नव्हता. बॅरनच्या शिलारसात बुडत्या पट्टाने पुरविलेले पाणी आहे, आणि वर येताना दाब कमी होताच ते पाणी वाफ होऊन उसळते, म्हणून तो राख होऊन उडतो. नारकोंडमचा खडक तर अँडेसाइट आणि त्याहून सिलिकायुक्त असा. ते बेट दीर्घकाळ शांत असून जगात अन्यत्र न आढळणारा एक धनेश पक्षी त्याच्या रानात राहतो.

येथवरचे सारे समजण्यास कठीण नाही. कठीण आहे तो पाठीमागचा समुद्र. दोन भूपट्ट एकमेकांवर चालून येत असता वरच्या पट्टाने चेपले जावे, त्याला सुरकुत्या पडाव्यात, फार तर पर्वत उभे राहावेत. तो फाटून त्याच्या पोटात नवा समुद्र कसा निर्माण व्हावा? 1970 च्या सुमारास डॅन कॅरिग याने टोंगाच्या पाठीमागील लाऊ द्रोणीची पाहणी केली. तेथे तळावर गाळ अगदी विरळ, खालून येणारी उष्णता अधिक आणि खडक ताजा बेसाल्ट, म्हणजे समुद्र जुना नसून नुकताच उघडलेला. एकेकाळी अखंड असलेला द्वीपचाप मधोमध उभा चिरला जाऊन त्याचा एक तुकडा खंदकाबरोबर पुढे सरकला आणि दुसरा मागे पडून मृत झाला, असा निष्कर्ष त्याने काढला. मेरियाना बेटांच्या पश्चिमेस असे मागे टाकलेले मृत चाप एकामागे एक उभे आहेत. जपानचा समुद्रही अशाच रीतीने दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी उघडला. आणि जपानी भौतिकीविद तोराहिको तेरादा याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच, वेगेनरच्या खंडवहनाला जगात कोणी फारशी दाद देत नव्हते तेव्हा, जपान आशियाच्या काठापासून सुटून आले असावे असे म्हणून ठेवले होते.

विरोधाभास सुटतो तो बुडणाऱ्या पट्टाच्या स्वभावाकडे पाहिल्यावर. तो केवळ उतरणीवरून घसरत पुढे जात नाही. जुना, थंड आणि जड असल्याने तो आपल्या भारानेच खाली कोसळत असतो, आणि त्यामुळे ज्या ठिकाणी तो वाकतो ते बिजागर, म्हणजे खंदक, महासागराच्या दिशेने मागे मागे हटत जाते. वरच्या पट्टाला खंदकाची साथ सोडता येत नाही. त्याचा काठ खंदकामागोमाग ओढला जातो, पाठ ताणली जाऊन पातळ होते, अखेर तुटते, आणि त्या फटीत प्रावरण वर येऊन नवे कवच बनविते. उत्तर टोंगात भूपट्टांची जवळीक वर्षाला 24 सेंटिमीटरांपर्यंत होते, आणि यांपैकी जवळजवळ 16 सेंटिमीटर लाऊ द्रोणीच्या उघडण्यामुळे आहेत, असे 1995 साली उपग्रहांच्या साहाय्याने मोजण्यात आले. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर पुढच्या दारी जमा दिसणाऱ्या रकमेचा मोठा हिस्सा मागच्या दारी खर्ची पडलेला असतो.

अंदमानचा समुद्र मात्र या नमुन्यात नीट बसत नाही, आणि म्हणूनच तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पाठ्यपुस्तकांतील आकृतीत भूपट्ट खंदकाशी काटकोन करून येतो. अंदमानपाशी खंदक उत्तर-दक्षिण आहे आणि भारतीय भूपट्टाची चालही मुख्यतः उत्तरेकडेच, म्हणजे तो समोरून धडकण्याऐवजी बाजूने घासत, तिरकस शिरतो. अशा तिरकस गतीची वाटणी होते, हे थॉमस फिच याने 1972 साली दाखवून दिले: समोरचा भाग खंदकात खपतो, आणि काठाला समांतर असलेला भाग वरच्या पट्टाची एक लांबट चिरफळी कापून तिला आपल्यासोबत उत्तरेस ओढून नेतो. अंदमान-निकोबार या चिरफळीवर बसलेले आहेत. तिची पूर्वेकडील हद्द दक्षिणेस सुमात्राच्या अंगातून गेलेल्या मोठ्या विभंगाने, म्हणजे भूकवचातील सरकत्या भेगेने, आणि उत्तरेस ब्रह्मदेशातील सागाइंग विभंगाने आखलेली आहे. 28 मार्च 2025 रोजी मंडालेचा विध्वंस करणारा 7.7 प्रतीचा भूकंप याच सागाइंग विभंगावर झाला. आता हे दोन विभंग एका सरळ रेषेत नाहीत. त्यांच्या दरम्यान जो सांधा निखळलेला राहतो तेथे भूमी ताणली जाते, आणि त्या ताणातून सुमारे 40 लाख वर्षांपासून अंदमान समुद्राचा मधला तळ उघडतो आहे, वर्षाला अवघ्या दोन-चार सेंटिमीटरांच्या गतीने.

गोव्याच्याच संस्थेने या तळाचे जे तपशीलवार नकाशे केले आहेत त्यांत अल्कॉक आणि सिवेल नावाचे दोन उंचवटे दिसतात. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण-नौकेवरील दोघा निसर्गवेत्त्यांची ही नावे. उंचवट्यांच्या जवळच आजची प्रसरण-कटक, म्हणजे नवा समुद्रतळ जेथे तयार होतो ती रांग, आहे. परंतु अटलांटिकच्या मध्यावर जसा नवा काळा लाव्हा उघडा पडलेला आढळतो तसा येथे आढळत नाही, कारण इरावती दर पावसाळ्यात इतका गाळ आणून ओतते की, नवे कवच जन्मतःच त्याखाली गाडले जाते. समुद्र उघडण्याचा वेग अधिक की नदीचा तो बुजविण्याचा, अशी ही अखंड चढाओढ आहे.

खंदकापाशी जो समोरचा हिस्सा उरतो तो थोडा म्हणून निरुपद्रवी, असा विद्वानांचाही समज होता. 1979 साली उयेदा आणि कानामोरी या शास्त्रज्ञांनी अधोगमनाचे, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाण्याचे, दोन प्रकार सांगितले होते: एक चिलीसारखा, जेथे भूपट्ट घट्ट अडकून प्रलयंकर भूकंप होतात आणि पाठीमागे समुद्र उघडत नाही, दुसरा मेरियानासारखा, जेथे समुद्र उघडतो आणि फार मोठे भूकंप होत नाहीत. अंदमानची वर्गवारी या हिशेबाने दुसऱ्याकडे झुकणारी. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी सुमात्राच्या वायव्य किनाऱ्यापासून सुरू झालेली फूट सुमारे 1,300 किलोमीटर उत्तरेस अंदमानपर्यंत धावत आली आणि तो भूकंप 9.1 प्रतीचा, किंवा काहींच्या गणनेने त्याहूनही मोठा ठरला. वर्गवारीचा सगळा कारभार पुन्हा तपासावा लागला. त्सुनामीने जे केले ते सर्वश्रुत आहे. भूमीने काय केले ते तितके परिचित नाही. उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रवाळ मीटरभर वर उचलले जाऊन उन्हात मेले, पोर्ट ब्लेअर सुमारे मीटरभर खचले, आणि ग्रेट निकोबारच्या टोकावरील इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खाली जाऊन तेथील दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. वर्षानुवर्षे अडकून वाकलेला काठ सुटताच समुद्राकडे झेपावतो, तेव्हा त्याची खंदकाकडील बाजू वर येते आणि मागील बाजू ताणली जाऊन बसते. एकाच बेटसमूहात उत्थान आणि अवपात शेजारी शेजारी दिसण्याचे कारण हेच.

हाच चाप दक्षिणेस सुमात्रात गेला की त्यावर तोबा येतो, ज्याच्या महाउद्रेकाने सुमारे 74,000 वर्षांपूर्वी शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर मागे ठेवले. त्याची राख भारतभर पडली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात, आणि कऱ्हेकाठी मोरगावलाही, तोबाच्या काचमय राखेचा थर सापडला आहे. बोरीला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना त्या थराच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि तेथून एक मोठा वाद उभा राहिला. कारण तोबाने त्यापूर्वीही, सुमारे 8 लाख वर्षांमागे, असाच मोठा उद्रेक केला होता, आणि ही राख त्या उद्रेकाची की नंतरच्या, यावर कुकडीकाठच्या माणसाचे वय अवलंबून आहे. काहींनी राखेच्या रासायनिक घटकांवरून ती 74,000 वर्षांपूर्वीची ठरविली, इतरांनी तिच्यातील आरगॉन वायू मोजून ती कितीतरी जुनी असल्याचे मांडले. नदीने एकदा पडलेली राख उकरून पुन्हा दुसरीकडे टाकलेली असण्याचा संभव धरावा लागत असल्यामुळे हे प्रकरण अद्याप निकालात निघालेले नाही.